रोख तिकडे, उधारी इकडे: चौकात मार्ट आलं, आता आमच्या दुकानाचं काय?

या वेळचं पत्र नागपूरच्या मानेवाड्याहून आलं आहे, थोडं कापून देतो.

"भाऊ, नमस्कार. मानेवाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलं, आता मी आणि हे सांभाळतो. मागच्या दसऱ्याला चौकात मोठं मार्ट उघडलं, एसी, पार्किंग, सगळं. आमचा रोजचा गल्ला 15 हजारांच्या आसपास होता तो 10 वर आला. हे म्हणतात बँकेतून 8 लाख काढू, काचेचा दरवाजा, एसी, ट्रॉल्या, सगळं मार्टसारखं करू. मुलगा बी.कॉम. झाला, तो म्हणतो शटर भाड्याने देऊन टाका, 12 हजार घरबसल्या येतील. गल्लीतले दुकानदार मोर्चा काढू म्हणून राहिले. आणि एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. मागच्या महिन्यात मीच त्या मार्टमधून तेलाची पाकिटं आणून दुकानात विकली, आमच्या एजन्सीपेक्षा तिथे स्वस्त होतं. सगळ्यात जास्त राग याचा येतो की जे लोक तिकडे रोख देऊन पिशव्या भरून आणतात तेच महिनाअखेरी आमच्याकडे उधार मागतात. वहीत 1 लाख 60 हजार अडकले. काय करावं? — मानेवाड्याची दुकानवाली"

ताई, आधी तेलाचं मिटवून टाकू, कारण पत्रात तेच तुम्हाला जास्त टोचून राहिलं असं दिसते. त्याच्यात चोरी काहीच नाही. पैसे दिले, बिल घेतलं, एमआरपीच्या आत विकलं, विषय संपला. तुम्ही एकट्या नाही बरं, साखर-तेलावर ऑफर लागली की कितीतरी छोटे दुकानदार तिथे रांगेत उभे असतात, म्हणून तर मार्टवाले एका बिलावर इतकेच नग अशी पाटी लावतात. फक्त जीएसटीचं पाहून घ्या. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक कराच्या योजनेत असाल तर फरक पडत नाही, तुम्हाला तसंही इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट नाही, पण रेग्युलरमध्ये असाल तर काउंटरच्या साध्या बिलावर तुमचा नंबर नसतो, क्रेडिट गेलं, मग ते तेल वाटलं तितकं स्वस्त पडलंच नाही. आणि याची रोजची सवय नको. एजन्सीचा सेल्समन आठ-पंधरा दिवसांच्या उधारीवर माल टाकून जातो, एक्स्पायरी झालेला, फुटलेला माल परत नेतो, स्कीम देतो, मार्ट यातलं काही करणार नाही. त्याला पूर्ण तोडलं आणि उद्या मार्टची ऑफर संपली तर दोन्हीकडून गेलात.

आता ते स्वस्त का विकतात हे समजून घ्या, कारण तुमच्या यजमानांचा 8 लाखांचा प्लॅन इथेच अडते. त्यांना वाटून राहिलं की गिऱ्हाईक एसीसाठी गेलं. एसीसाठी थोडं जाते, भावासाठी जास्त जाते, आणि भाव काही एसीने पडत नाही. तुमच्याकडे साबण येतो तो कंपनी, मग डिस्ट्रीब्युटर, मग तुम्ही असा, मधल्याचं मार्जिन लागूनच. मोठं मार्ट कंपनीशी थेट बोलते, ट्रकने उचलते. राधाकिशन दमाणींनी 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट टाकलं, त्या धंद्याची रीत पहा: जागा होईल तितकी स्वतःच्या मालकीची म्हणजे भाड्याची कटकट नाही, कंपन्यांचे पैसे पटापट चुकवायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. वरून तेल-साखरेवर अगदी बारीक मार्जिन ठेवून माणसाला आत आणायचं आणि प्लास्टिकचे डबे, चादरी, टी-शर्ट, भांडी यांच्यावर कमवायचं. दोन किलो साखर आणायला गेलेला माणूस बादली आणि चड्डी-बनियान घेऊन बाहेर येतो ते काही उगाच नाही. तुमच्या दोनशे-अडीचशे फुटाच्या दुकानात बादल्यांना जागा कुठून आणणार?

मग कर्जाचा हिशोब. 8 लाख, 12 टक्के व्याज, 5 वर्षं धरले तर हप्ता महिन्याला 17,800 च्या आसपास बसतो. किराण्यात सगळं मिळून दहा टक्के सुटतात असं धरू, काही मालावर कमी, काही मालावर जास्त. म्हणजे नुसता हप्ता निघायला महिन्याला पावणेदोन लाखांच्या वर जास्तीची विक्री पाहिजे, रोजची सहा हजार. तुमचे गेले पाच हजार, ते सगळे परत आले तरी हप्ता पूर्ण निघत नाही, आणि एसीचं, डीप फ्रीजरचं बिल तर धरलंच नाही, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू. बँक कर्ज देईलही, 2021 पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी मिळते, मुद्रा योजना आहे, कागद जमतील. जमते म्हणून काढायचं का हा प्रश्न आहे आणि माझं उत्तर सरळ नाही असं आहे. रंग मारा, लाईट बदला, भावाच्या चिठ्ठ्या लावा म्हणजे लोकांना विचारावं लागणार नाही, काउंटरच्या पुढे एक रॅक ठेवा जिथून लोक हाताने घेतील. हे खिशातून होईल. याच्यापुढे एक रुपया नको.

आणि घाईही नको. 2008 मध्ये दिल्लीच्या इक्रियर संस्थेने याच विषयावर सरकारसाठी मोठा अभ्यास केला होता, त्यात असं निघालं की मोठ्या दुकानाच्या आजूबाजूच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीच्या काळात पडतो, मग जसजसा वेळ जातो तसा तो मार हलका होत जातो, आणि मोठ्यांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी दुकानं वर्षाला 1.7 टक्के. हा आकडा घरपोच माल देणाऱ्या ॲपवाल्यांच्या आधीचा आहे म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका, पण पहिल्या वर्षाच्या गल्ल्याकडे पाहून पुढच्या पाच वर्षांचा निर्णय घ्यायचा नाही एवढं त्यातून घ्या. मार्ट नवीन असते तेव्हा लोक फिरायलाही जातात, लेकरांना घेऊन, रविवारची करमणूक. ती गर्दी थोडी उतरते.

आता मुद्द्याचं, उधारी. माझ्या मते तुमचं दुकान मार्टमुळे जितकं अडकलं त्याच्यापेक्षा या वहीमुळे जास्त अडकलं आहे. आजच्या गल्ल्यावर महिन्याला तुमचे 30 हजार सुटत असतील, तेही खर्च जायच्या आधी, म्हणजे वहीतले 1 लाख 60 हजार म्हणजे पाच महिन्यांच्या वर दोघांनी फुकट केलेलं काम. हेच पैसे हातात असते तर एजन्सीला रोख देऊन टक्का-दीड टक्का सोडवून घेता आला असता, बरेच एजन्सीवाले सोडतात. गिऱ्हाईकाचं पहा, पगार झाला की पहिल्या आठवड्यात मोठी यादी रोखीत मार्टला, आणि वीस तारखेनंतर खिसा रिकामा झाला की "ताई, लिहून ठेवा". मोठ्या दुकानाला नुसता रोखीचा धंदा जमते कारण महिन्याचा शेवटचा आठवडा तुम्ही सांभाळून राहिल्या. मी याला गिऱ्हाईकाचा लबाडपणा म्हणणार नाही, ज्याला जिथे चार पैसे वाचतात तिथे तो जाणारच, तुम्हीही तेल तिथूनच आणलं ना. पण मग उधारीलाही शिस्त पाहिजे.

वही घेऊन बसा एका दुपारी आणि नावांचे तीन ढीग करा. ज्यांचा खरंच रोजीवर धंदा आहे, मिस्त्री, धुणीभांडी करणाऱ्या बाया, ऑटोवाले, ज्यांनी आजवर उशिरा का होईना चुकवलं, त्यांची उधारी चालू ठेवा, फक्त आकडा ठरवा, समजा दोन हजार, ते भरल्याशिवाय पुढचं पान नाही. दुसरे पगारदार, कार घेऊन मार्टला जाणारे, त्यांना गोड बोलून सांगा की आता कंपनी आम्हालाच उधार देत नाही, या महिन्यापासून बंद, जुनं थोडं थोडं द्या. एखादं नाराज होईल, होऊ द्या, ते रोख तसंही देत नव्हतं. तिसरे म्हणजे घर बदलून गेलेले, फोन न उचलणारे, त्यांच्यामागे डोकं खपवू नका. एक कायद्याची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, उधार दिलेल्या मालाच्या पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आतच दावा लावता येतो, म्हणून मोठ्या आकड्यांवर "इतके बाकी आहेत" असं लिहून तारखेसकट सही घेऊन ठेवा, मुदत संपायच्या आत सही झाली की ती तिथून परत मोजतात. किराण्यासाठी कोर्टात कोणी जात नाही हे मलाही माहीत आहे, पण सही केलेला माणूस लवकर देतो, हे पाहिलेलं आहे.

उलटी बाजूही करा. एक ते सात तारखेत जो रोख किंवा यूपीआयने यादी देईल त्याला माल घरपोच, पिठाची गोणी तिसऱ्या मजल्यावर नेऊन. मार्टमध्ये ट्रॉली फुकट आहे पण मजले आपल्यालाच चढावे लागतात, आणि तुमच्या भागातल्या कितीतरी अपार्टमेंटमध्ये लिफ्ट नाही किंवा बंद आहे, आणि वर म्हातारा-म्हातारी राहतात ज्यांची पोरं पुण्याला. त्यांना तेलाच्या पाकिटावर आठ रुपये वाचण्याचं काही नाही.

माल काय ठेवायचा त्याबद्दल. केनेथ स्टोन नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेत आयोवा राज्यात वॉलमार्ट आलेल्या गावांच्या विक्रीचे आकडे वर्षानुवर्षं तपासले. वॉलमार्टमध्ये जे मिळते तेच विकणारे दुकानदार मार खात होते, पण जे तिथे मिळत नाही ते विकणाऱ्यांचा धंदा त्याच गावात बरेचदा वाढला, कारण गर्दी गावात येऊ लागली. तुमच्या चौकातही गर्दी येऊन राहिली. तिला लागणारं पण मार्टमध्ये नसणारं काय आहे? माझ्या डोक्यात पहिलं येते ते तांदूळ आणि तिखट. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरं उन्हाळ्यात सालाचं धान्य भरतात आणि मार्टमधलं पाच किलोचं बंद पाकीट पाहून त्यांचं समाधान होत नाही, त्यांना मूठभर हातात घेऊन पाहायचं असते, एचएमटी आहे की जय श्रीराम, जुना की नवा, हे विचारायचं असते. ओळखीच्या दलालाकडून कळमन्याच्या बाजारातून तूरडाळ, भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ, भिवापुरी मिरची, वायगावची हळद, थोडं थोडं आणा, समोर कांडून-दळून देणाऱ्या चक्कीवाल्याशी बोलून ठेवा. यात मार्जिनही साबणापेक्षा बरं असते आणि याच्यावर छापील भाव नाही की गिऱ्हाईक मोबाईलवर ताडून पाहील. मग सणांचं. पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत जी सामानाची यादी असते, कापसाची वस्त्रं, हळकुंड, सुपारी, खारीक, सोळा भाज्यांतलं जे काही सुकं मिळते ते, ते सगळं एका पिशवीत बांधून "महालक्ष्मीचं सामान" म्हणून ठेवलं तर नवीन सुना तुम्हाला दुवा देतील, त्यांना यादीच माहीत नसते आणि मार्टमधल्या पोराला विचारून उपयोग नाही. आणि ज्या साबणाच्या पाच किलोच्या पॅकवर तुमची आणि मार्टची तुलना होते तो पॅक ठेवणंच बंद करा, पाच-दहा रुपयांच्या लडी ठेवा, त्या तुमच्याच आहेत.

एक सांगू, मला मार्टची तितकी भीती वाटत नाही जितकी दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवाल्यांची वाटते. मार्ट महिन्याची यादी नेते. ॲपवाला नेतो ते संध्याकाळचं दही, अर्धा डझन अंडी, पाहुणे आले म्हणून लागलेलं बिस्कीट, म्हणजे नेमकं जे मार्ट आल्यावरही तुमच्याकडे राहिलं होतं ते. त्याच्यावर उपाय एकच दिसते, गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि सायकल चालवणारा एक पोरगा. सध्या तरी तुमचं दुकान त्यांच्या गोडाऊनपेक्षा जवळ आहे.

आता मोर्चा. काढा, पण कशासाठी ते ठरवून. "परदेशी कंपन्या हटवा" अशी पाटी घेऊन जाल तर उपयोग नाही. 2012 मध्ये परदेशी कंपन्यांना बहुब्रँड, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानात 51 टक्के भांडवलाची परवानगी मिळाली, तीही राज्यांच्या मर्जीवर आणि बऱ्याच अटींवर, पण चौकातलं मार्ट भारतीय कंपनीचं असेल तर त्या अटी त्याला लागतच नाहीत. मागायचंच तर जे मिळू शकते ते मागा: मालाचे ट्रक दिवसा रस्त्यात उभे राहतात का, पार्किंग नकाशात दाखवली तितकी आहे का, शनिवारी-रविवारी चौक जाम होतो का. हे मनपा आणि ट्रॅफिक पोलिसांना लेखी द्या, फोटोसकट, दुकानदारांसोबत फ्लॅटवाल्यांच्याही सह्या घ्या, त्यांनाही त्या जामचा त्रास आहे.

भावाच्या बाबतीत रडायचंच तर दुकानदारांनी एजन्सीवाल्यांना सोबत घेऊन रडावं. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल विकणं बंद केलं होतं, का, तर कंपन्या मोठ्या खेळाडूंना आमच्यापेक्षा स्वस्त देतात, सारखा भाव द्या. बोलणी होऊन ते मिटलं. पण कंपनी ऐकते ती अशा वेळी, चौकातल्या घोषणा तिच्यापर्यंत जात नाहीत.

मार्टमुळे मोहल्ल्याचं वाटोळंच होते असं मी म्हणणार नाही, गल्लीतल्या मीटिंगमध्ये तुम्हाला तसं ऐकू येईल म्हणून सांगतो. ज्या घरात महिन्याला पाच-सातशे वाचतात त्या घराला विचारा. तिथे काउंटरवर बसणाऱ्या पोरी मानेवाडा-हुडकेश्वरच्याच असतील, दर महिन्याला खात्यात पगार, पीएफ, आणि किती किराणावाल्यांनी आपल्या पोऱ्याचा पीएफ भरला हे आपण दोघंही जाणतो. पण नोकऱ्या वाढल्या हेही पूर्ण खरं नाही. एमेक बास्कर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मोजलं होतं, वॉलमार्ट आलं त्या वर्षी काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, किरकोळ धंद्यातल्या शंभरेक नोकऱ्या वाढल्या आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या गेल्या, कारण बाकी दुकानं मिटली. आपल्याकडे तर मिटलेल्या दुकानाची नोंदही होणार नाही, तुम्ही आणि तुमचे यजमान कोणाच्या पगारावर नव्हतेच, मग तुम्हाला बेरोजगार कोण मोजणार. तुमच्या गल्ल्यातला पैसा इतवारीच्या ठोकवाल्याकडे, मस्कासाथच्या हमालाकडे, टेम्पोवाल्याकडे, गणपतीच्या वर्गणीत फिरतो, मार्टचा बराचसा संध्याकाळी हेड ऑफिसच्या खात्यात जातो.

आणि मोठी दुकानं कायमची असतात असंही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ओरिएंटल नावाचं छोटं गाव आहे, तिथे 2014 मध्ये वॉलमार्टचं छोटं दुकान आलं, गावातलं जुनं किराणा दुकान 2015 मध्ये बंद पडलं आणि 2016 मध्ये वॉलमार्टने कितीतरी दुकानं बंद केली त्यात तेही गेलं. तेव्हा गावात किराणाच उरला नाही. मानेवाड्यात असं होणार नाही, इथे गल्लीगल्लीत दुकान आहे, पण आपलं बिग बझार आठवते ना, 2001 ला सुरू झालं, एवढं मोठं नाव झालं, आणि 2022 ला कर्जात बुडून संपलं. ज्यांनी तोवर शटर विकून टाकलं त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही.

मुलाचं राहिलं. तो चुकीचं बोलत नाही, त्याला गप्प करू नका. 12 हजार भाडं म्हणजे दुकान चालवायची खरी किंमत तिथून सुरू होते. दर महिन्याचा निव्वळ नफा काढा, लाईट बिल, पिशव्या, सडलेला माल, गेलेली उधारी सगळं वजा करून, मग त्यातून 12 हजार काढा, कारण ते तर घरबसल्या येणार होते. जे उरलं ती तुम्हा दोघांची मजुरी, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतची. दिवाळीपर्यंत उधारीची शिस्त आणि मालाचा बदल करून पहा, आणि त्यानंतरही दोघांचे मिळून दहा-बारा हजारही उरत नसतील तर पोराचं ऐका, शटर द्या आणि त्यात कमीपणा मानू नका, सासऱ्यांचं दुकान म्हणून तोट्यात बसायचं नाही. बी.कॉम. आहे ना, हा महिन्याचा हिशोब त्यालाच करायला लावा, जीएसटीचं रिटर्नही त्याच्याकडेच द्या, म्हणजे बापलेकांचं भांडण निदान एका कागदावर तरी होईल.

8 लाखांच्या फॉर्मवर यजमानांची सही झाली असेल तर उद्याच बँकेत जा, रक्कम खात्यात पडायच्या आत थांबवणं सोपं असते. आणि दिवाळीनंतर आकडे कळवा, वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी चालते, फक्त गिऱ्हाईकांची नावं झाकून.